एक्केचाळीस नंबरची घरं

मोठ्या बाईंनी पडद्यावर आलेख दाखवला, तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना हसू आलं. धाकटीने मात्र वहीत डोकं घातलं.

आलेख साधाच होता. पाच वर्षांपूर्वीच्या राष्ट्रीय लोकसंख्या पाहणीत घरोघरच्या बायकांनी आपली मुलं कधी जन्मली ते सांगितलं होतं. त्या जन्मांची ही वर्षावार रेघ. बरीच वर्षं ती सरळ चालत यायची, मग एका वर्षी एकदम टेकडी आणि लगेच पुढच्या वर्षी खड्डा. जणू देशातल्या बायकांनी एका वर्षी भरमसाट पोरं जन्माला घातली आणि दुसऱ्या वर्षी संप पुकारला.

"खड्डा कुठे आहे पाहा," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या दर्जा तपासणी विभागाच्या प्रमुख. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे लोक त्यांना जास्तच भीत. "बरोबर हद्दीच्या आत. आणि टेकडी हद्दीच्या बाहेर."

हद्द म्हणजे पाच वर्षं. पाहणीच्या आधीच्या पाच वर्षांत जन्मलेलं प्रत्येक मूल हद्दीच्या आत. आतल्या मुलासाठी वेगळा भाग भरायचा: लसी, अंगावरचं दूध, ताप, जुलाब, वजन, सगळे मिळून त्र्याहत्तर प्रश्न. दोन मुलं असली तर दोनदा. मूल वारलेलं असलं तरी सुटका नाही. काही प्रश्न गळायचे, त्यांच्या जागी दुसरे यायचे, आणि ते विचारताना जीभ टाळूला चिकटायची. हद्दीबाहेरच्या मुलाला मात्र एक ओळ लिहिली की झालं. मग दिवसाला सहा घरं उरकायची असलेले मोजणीदार काय करतात? चार वर्षांच्या मुलाला पाच वर्षांचं करतात. पेनाचा एक फटका आणि तासभर वाचतो. आपसात ते याला 'ढकलणं' म्हणत. "आज तीन ढकलली," असं चहा पिताना सांगत, जसं कोणी गाडी बंद पडल्याचं सांगावं.

"त्यातही आमचे हे एक्केचाळीस नंबर बघा," तक्तेमामा पुढे सरसावले. आयुष्यभर आकड्यांचे तक्ते करून करून ते स्वतःही चौकोनी झाले होते. "या मोजणीदाराच्या घरांत पोरं तीन वर्षांची होतात, आणि मग एकदम पाच! चार हा आकडा देवाने याला शिकवलाच नाही. आणि वारलेलं मूल? एकशे बारा घरांत एकही नाही. यमदूत रजेवर!"

खोली खदखदून हसली. धाकटीही हसली. जरा जास्तच मोठ्याने हसली. चोराच्या मनात चांदणं.

कारण एक्केचाळीस नंबर तीच होती.

हे कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मागची पाहणी एका कंत्राटी संस्थेने केली होती. पुढे संस्था बंद पडली आणि कोणता नंबर कोणाचा त्याची यादीही तिच्याबरोबर गेली. तेव्हा धाकटी कॉलेजातून नुकती बाहेर पडली होती. नंतर लग्न झालं, आडनाव बदललं, चष्मा लागला, ठकी झाली. ठकी आता सात महिन्यांची. विभागात वयाने सगळ्यांत लहान आणि घरातही धाकटी सून, म्हणून 'धाकटी' हे नाव दोन्हीकडे चिकटलं होतं. तिची जागा तात्पुरती होती. ती कायम करायचा कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर, काचेखाली, सहीची वाट पाहत पडला होता. येता-जाता तिला तो दिसायचा.

"आपण त्याच घरांना पुन्हा जाणार आहोत," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला एकच गोष्ट कळायला हवी. हा खड्डा कोणी खणला? बायकांनी लपवलं असेल, तर पुढच्या पाहणीत प्रश्नांची भाषा बदलू, जास्त वेळ देऊ. पण आपल्या माणसांनीच ढकललं असेल, तर प्रश्न कितीही गोड केले तरी खड्डा राहणारच. आणि या आकड्यांवर दवाखाने ठरतात. खड्ड्यात पडलेल्या पोराला लस कोण देणार?"

"लपवतातच हो बायका," मास्तर म्हणाले. ते शाळेतून निवृत्त होऊन फेरभेटीच्या कामाला लागलेले. "गेलेल्या लेकराचं परक्याला कोण सांगतं?"

सांगतात, धाकटीच्या मनात आलं. दार उघडल्यापासून तेच सांगायची वाट पाहत असतात.



*

घरी सासूबाईंनी ठकीला तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "घे बाई तुझं पार्सल. दिवसभर दाराकडे बघत होती. मला तर वाटतं हिला माझं तोंड आवडत नाही."

ठकीला पाजायला घेतलं की धाकटी तिचा श्वास मोजायची. ही खोड पहिल्या दिवसापासूनची. ठकी अकरा दिवसांची झाली, त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत धाकटीने तिला खाली ठेवलंच नव्हतं. जेवताना डाव्या हातात, केस विंचरताना मांडीवर. "पोरगी पळून जाणार आहे का कुठे?" सासूबाई ओरडल्या होत्या. नवऱ्याने डॉक्टरांना विचारलं, डॉक्टर म्हणाले नवीन आयांना होतं असं. अकराच का, ते कोणी विचारलं नाही.

बारावा दिवस उजाडला तेव्हा तिला वाटलं, सुटलो. पण त्या दिवसापासून घरात एक जास्तीचं कोणीतरी राहायला आलं.

तसं दाखवण्यासारखं काही नव्हतं. ठकी मांडीवर गाढ झोपलेली असायची आणि आतल्या खोलीत कोणीतरी चुटुचुटु मूठ चोखल्याचा आवाज यायचा. वाळलेले कपडे उतरवताना ती मोजायची, झबली सहा. सकाळी तिने पाचच धुतली होती. एकदा सरळ सासूबाईंना विचारलं, "हे झबलं कोणाचं?" सासूबाईंनी उलटंसुलटं करून पाहिलं. "तुझ्याच पोरीचं असेल. आईलाच ठाऊक नसेल तर मला काय विचारतेस?" धाकटीने ते झबलं घडी करून कपाटात सगळ्यांत खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर होतंच तिथे. नसतं तर बरं झालं असतं.

शिकलेली बाई होती ती. संख्याशास्त्रात पहिल्या वर्गात पास. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. पण मोजलेल्यातून वगळलेलं माणूस शिल्लक राहतंच, हे तर तिला पुस्तकानेच शिकवलं होतं. बेरीज जुळली नाही की चूक कुठेतरी जिवंत असते.

*

फेरभेटीची रीत अशी. प्रश्न धाकटीने विचारायचे. जुन्या अर्जाची प्रत बंद लखोट्यात, तो मास्तरांच्या बॅगेत. प्रश्न बाईला एकटीला विचारायचे, म्हणून मास्तरांनी बाहेर बसायचं. नवी उत्तरं टॅबमध्ये एकदा बंद झाली की मास्तरांना आत बोलवायचं आणि बाईच्या समोर लखोटा फोडायचा. जुन्या-नव्यात फरक निघाला तर तिघांनी बसून खरं काय ते ठरवायचं, आणि कारणाच्या चौकटीत आकडा घालायचा. एक, म्हणजे बाईने सांगितलं नाही. दोन, म्हणजे मोजणीदाराने विचारलं किंवा लिहिलं नाही. तीन, म्हणजे सांगता येत नाही.

एक्केचाळीस नंबरची सोळा घरं चिठ्ठ्या टाकून निवडली होती. ती धाकटीने मागून घेतली. तिने मागितली नसती तर दुसऱ्या कोणी ते लखोटे फोडले असते, आणि तिथे काय निघालं ते तिला कळलंही नसतं. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अवघड घरं आहेत. हौस आहे?"

"हो," ती म्हणाली. हात दाखवून अवलक्षण.

यादीतला पहिलाच पत्ता वाचला आणि तिच्या कानांत शिलाई मशीन सुरू झालं.

एकशे बारा घरांतलं तेवढं एकच घर तिला आठवत होतं. चारमजली जुनी इमारत, तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली, खिडकीपाशी मशीन. भर दुपार होती. त्या दिवसाचं सहावं घर. शेवटची बस सव्वाचारला. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने चार वर्षांच्या लेकीचं सांगितलं आणि मग न विचारताच म्हणाली, आणि एक मुलगा झाला होता, आठ महिन्यांपूर्वी. अकरा दिवसांचा होऊन गेला. एवढं बोलून ती रडायला लागली. तिचं बघून बावीस वर्षांची धाकटीही रडली. पुढचे प्रश्न अर्जावर उघडे पडले होते. जन्मल्यावर किती वेळाने पाजलं? अंग पुसून गुंडाळलं होतं का? दूध ओढत होता का? कोणत्या दिवसापासून ओढेना झाला? रडणाऱ्या आईला हे विचारायचं? तिने पेनाला टोपण लावलं, बाईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे ताई. बाकीचं मी भरून घेते."

बसमध्ये बसून तिने भरलं. मुलगी: वय पाच. वारलेली मुलं: शून्य. सगळा लांबलचक भाग गळून गेला. अर्ज कोरा, स्वच्छ, चूक काढायला जागा नाही. त्या वेळी तिला वाटलं होतं, आपण दया केली.

*

जिना तोच होता. मास्तर दर मजल्यावर थांबून दम खात होते. "या सरकारी कामात लिफ्ट फक्त साहेबांना," ते म्हणाले आणि तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर रुमाल पसरून बसले. "जा तुम्ही. मी इथे बसून वजाबाकी करतो, किती पायऱ्या उरल्यात आयुष्यात."

दार उघडंच होतं. आत शाळेच्या गणवेशांच्या बाह्या ढीग करून ठेवलेल्या, नुसत्या बाह्या, अंगाविना. बाईने मशीनचं चाक हाताने थांबवलं. केसांत पांढरं आलं होतं.

"सर्व्हेवाल्या? या, बसा. तो तागा सरकवा तिकडे. मागेही आली होती तुमच्यातली एक." तिने धाकटीकडे नीट पाहिलं आणि नजर पुढे गेली. ओळख नव्हती तिच्यात. "भली पोरगी हो. बारीकशी, दोन वेण्या घातलेली. माझ्याबरोबर रडली बिचारी. आपली माणसं रडली नाहीत, ती रडली."

धाकटीने टॅब उघडला. सुरुवातीचे प्रश्न भरभर गेले. घरात तीन माणसं. मुलगी नऊ वर्षांची, शाळेत गेलेली. आता नव्या रीतीप्रमाणे एखाद्या गाजलेल्या घटनेवरून जन्माचं साल पक्कं करायचं होतं.

"मुलगी झाली तेव्हा खालचा पूल चालू होता का?"

"पूल बंद झाला आणि महिन्याभराने झाली. मला वळसा घालून नेली होती ना दवाखान्यात. नवरा रिक्षावाल्याशी भांडत होता आणि मी कळा देत होते."

म्हणजे त्या वेळी चारच वर्षांची. धाकटीने साल लिहिलं. पुढचा प्रश्न पडद्यावर आला. तिला तो पाठ होता. आकडा भरल्याशिवाय टॅब पुढे जायचा नाही, पण प्रश्न विचारला की नाही ते टॅबला कसं कळणार? शून्य टाकलं तर जुना अर्ज आणि नवा अर्ज निदान इथे तरी जुळले असते. मुलीच्या एका वर्षाचा फरक तेवढा निघाला असता. तो काय, कोणाचाही निघतो. तिचं बोट शून्यावर जाऊन थांबलं.

"थांबलात का?" शिवणवाली म्हणाली. "मागच्या वेळी ती पोरगीही इथेच थांबली होती."

खोलीत कसलाच आवाज नव्हता. धाकटीने कान देऊन ऐकलं. घरी ऐकू येणारं ते मूठ चोखणं इथे नव्हतं. इथे फक्त एक बाई होती, मशीनवरून हात काढून, दोन्ही तळवे मांडीवर ठेवून, विचारलं जाण्याची वाट पाहत.

"तुम्हाला असं एखादं मूल झालं होतं का," धाकटी म्हणाली, "जे जन्मल्यावर रडलं, हललं, निदान एखादा श्वास तरी घेतला, पण पुढे जगलं नाही?"

"हो. एक मुलगा. अकरा दिवसांचा." बाईचा आवाज सरळ होता. "त्याचं कुठेच काही नाही बघा. नाव ठेवायच्या आधी गेला. दवाखान्याच्या चिठ्ठीवर नुसतं 'मुलगा' लिहिलेलं, तीही घर रंगवताना हरवली. घरात त्याचं कोणी काढत नाही. नवरा म्हणतो, विसर आता. लेकीला तर माहीतही नाही." ती जराशी हसली. "पण मला एक आधार होता. तुमच्या कागदावर तो आहे. बातम्यांत सांगतात ना, देशात वर्षाला इतकी इतकी मुलं दगावतात? नवरा आवाज कमी करतो. मी मनात म्हणते, त्यात एक माझा आहे. मोजलाय त्यांनी."

धाकटीच्या छातीत दूध भरून आलं. ठकीच्या पाजायची वेळ नव्हती, तरी आलं. तिने टॅब छातीशी घट्ट धरला. "हा भाग बंद करते," ती कशीबशी म्हणाली. "मग जुना कागद उघडायचा असतो, तुमच्यासमोर. रीत आहे तशी."

"जुना कागद?" बाई उठून उभी राहिली. हात पुसायला तिने गणवेशाची एक बाही उचलली आणि परत ठेवली. "म्हणजे त्याचा? दाखवाल मला? बोलवा, बोलवा त्यांना."

मास्तर आले, पाणी प्यायले, लखोटा फोडला. आतला कागद उलगडून मशीनच्या फळीवर ठेवला. धाकटीला आपलंच अक्षर दिसलं, गोल, कॉलेजातलं, शिरोरेषा सरळ.

मास्तर बोट फिरवत वाचत गेले. "मुलगी, वय पाच. इथे तुम्ही आता साल सांगितलंत त्यावरून चार. एवढं चालायचंच. वारलेली मुलं..." ते थांबले. टॅबकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. "शून्य."

"शून्य म्हणजे?" बाईने विचारलं.

"म्हणजे मागच्या वेळी सांगितलेलं दिसत नाही."

"मी सांगितलं होतं."

"होतं असं ताई," मास्तर मायेने म्हणाले. खरोखरच मायेने. "दुःख ताजं असलं की जीभ उचलत नाही. आमच्या घरीही झालंय. त्यात तुमचा काही दोष नाही. कारण एक लिहू या."

"कारण एक म्हणजे?"

मास्तरांनी चष्मा लावून वाचून दाखवलं. "बाईने सांगितलं नाही."

शिवणवालीने कागदावर हात ठेवला. त्या शून्यावरच ठेवला, जणू खाली काही असेल तर हाताला लागेल. "मी लपवलं?" ती म्हणाली. "माझं लेकरू मी लपवलं? अहो, मी न विचारता सांगितलं. त्या पोरीला विचारा! दोन वेण्यावाल्या. कुठेतरी असेलच ना ती तुमच्यात. ती सांगेल. ती खोटं बोलणार नाही."

मास्तरांचं पेन चौकटीवर टेकलं होतं. एकचा आकडा म्हणजे एक उभी रेघ. अर्ध्या क्षणाचं काम.

"मास्तर, थांबा," धाकटी म्हणाली. "ती मीच."

मास्तरांना समजलं नाही. "कोण?"

"एक्केचाळीस नंबर. यांनी सांगितलं होतं. सगळं सांगितलं. मी लिहिलं नाही. बस चुकली असती म्हणून, आणि पुढचं विचारायची हिंमत नव्हती म्हणून. मुलीलाही मीच ढकललं. कारण दोन आहे. दोन लिहा."

जिन्यातून कोणीतरी बादली घेऊन गेलं. शिवणवालीने धाकटीचा चष्मा, गळा, आखूड केस, ओला झालेला कुडता, सगळं एकेक करून पाहिलं.

"वेण्या कापल्यास?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणाली होतीस, बाकीचं मी भरून घेते."

"हो."

"आणि मी पाच वर्षं..." तिने वाक्य सोडून दिलं. धाकटीला वाटलं, आता ही हाकलेल. मारलं असतं तरी चाललं असतं. पण बाईने स्टूल ओढलं, त्यावरचे दोरे झटकले आणि बसली. "भर मग. आता भर. काय काय विचारायचं असतं ते सगळं विचार. एकही गाळायचा नाही."

"नव्या हिशेबाने तो काळ हद्दीत येत नाही, ताई," मास्तर हळूच म्हणाले. "टॅब घेणार नाही."

"मग कागदावर घ्या. कागद आहे ना?"

मास्तरांनी बॅगेतून जुना कोरा अर्ज काढून दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

धाकटीने विचारलं. जन्मल्यावर किती वेळाने पाजलं? "तासाभराने. आधी मला शुद्ध नव्हती." अंग पुसून गुंडाळलं होतं का? "माझ्या जुन्या साडीत. निळ्या." दूध ओढत होता? "ओढायचा. नुसता ओढायचा नाही, डोळे उघडे ठेवून ओढायचा. माझ्याकडे बघत." कोणत्या दिवसापासून ओढेना? "नवव्या." दवाखान्यात नेलं? "नेलं. बंद होता." का बंद होता, हा प्रश्न अर्जात नव्हता. बाईने तरी सांगितलं, आणि धाकटीने समासात लिहून घेतलं. दोघींपैकी कोणीच रडलं नाही. कुठे बाई थांबली तर धाकटी थांबायची. घाई करायची सोय आता राहिली नव्हती. ज्या प्रश्नांना ती बाविसाव्या वर्षी निर्दय समजली होती, त्यांच्याखेरीज या मुलाबद्दल कोणी कधी काही विचारलंच नव्हतं.

शेवटी सहीची जागा आली. "कोणाची?" बाईने विचारलं.

"माझी."

"नाव लिही. नंबर नको." आणि सही होईपर्यंत ती वाकून बघत राहिली. मग तिने चाकाला हात लावला आणि मशीन सुरू केलं. जा म्हणाली नाही, ये म्हणाली नाही.

*

जिन्यातूनच धाकटीने मोठ्या बाईंना फोन लावला. मास्तर दोन पायऱ्या खाली, पाठ करून उभे होते.

सगळं ऐकून झाल्यावर मोठ्या बाईंनी विचारलं, "तुमच्याबरोबरचे बाकीचेही ढकलायचे?"

"बहुतेक सगळे. मला दुसऱ्याच दिवशी शिकवलं होतं."

"म्हणजे बायकांनी लपवलं नाही."

"निदान माझ्या घरांत नाही."

"एकशे बारा घरांतली किती आठवतात तुम्हाला?"

"हे एकच."

"मग बाकीच्यांचं काय समजायचं आम्ही?" आवाज चढला नव्हता. "आजची घरं पुरी करा. प्रश्न तुम्ही विचारा, पण आत मास्तर बसतील, बाईची परवानगी घेऊन. उद्या दहाला माझ्यासमोर या. काचेखालच्या कागदाबद्दल आत्ता विचारू नका."

"नाही विचारत," ती म्हणाली. फोन बंद झाला होता.

यादीतलं दुसरं घर त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. मास्तर पुढे झाले. मधेच वळून म्हणाले, "माझ्या हातून 'एक' लिहून झालं असतं. आत्तापर्यंत किती घरांत लिहिलं असेल, कोण जाणे." आणि पुन्हा चालू लागले.

दार तपकिरी रंगाचं, शेजारी चपलांचा एकच जोड. धाकटीने दाराकडे, कडीकडे, उंबऱ्याकडे पाहिलं. काही हलतंय का मनात? काहीच नाही. लखोट्यावर चिकटवलेल्या जुन्या अर्जाच्या पट्टीवर तिच्याच अक्षरात तारीख होती, खाली 'भेट पूर्ण', आणि नंबर.

म्हाताऱ्या बाईने दार उघडलं. मास्तरांनी काम समजावलं. मागे पाच वर्षांपूर्वीही आमचं माणूस येऊन गेलं होतं, असं म्हणाले.

"इथे?" म्हातारी म्हणाली. "नाही हो. इथे कोणी आलं नव्हतं."

"विसरला असाल, मावशी."

"विसरायला माझ्याकडे येतं कोण? वीस वर्षं एकटी आहे मी या खोलीत. दार वाजलं की महिनाभर लक्षात राहतं माझ्या."

मास्तरांनी धाकटीकडे पाहिलं. लखोट्यातला कागद बंद होता. आत कोण होतं? त्या दुपारी बसस्टॉपवर बसून तिने या दारामागे कोणाला राहायला घातलं होतं? नवरा, दोन मुलं, वयं पाच आणि आठ? की खरंच ती इथे आली होती, पाणी प्यायली होती, आणि म्हातारीच विसरली होती? धाकटीने आठवायचा प्रयत्न केला. आठवणीच्या जागी स्वच्छ, कोरा अर्ज होता.

"मावशी," ती म्हणाली, "आत्ता येऊ का? वेळ लागेल थोडा."

म्हातारीने दार पूर्ण उघडलं. "या की. किती जण आहात?"

धाकटीने उत्तर द्यायच्या आधी मागे वळून पाहिलं आणि मोजलं.